डनफर्मलिनच्या विणकराचं घर शोधताना

‘ट्रेड्समन’ या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण पहिली गफलत तिथेच होते. इंग्लंडमध्ये हा शब्द बहुतेकदा दुकानदारासाठी वापरत. स्कॉटलंडमध्ये मात्र ट्रेड्समन म्हणजे हातात कसब असलेला माणूस. विणकर, सुतार, गवंडी, मोची, लोहार, शिंपी हे सगळे त्यात आले. माझं पीएचडीचं काम एकोणिसाव्या शतकातल्या अशा माणसांच्या कुटुंबांवर आहे. ‘म्हणजे तू दिवसभर नक्की करतेस काय?’ हा प्रश्न मला घरीदारी इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

थोडक्यात उत्तर असं: मी एक रकाना वाचते. जन्म, लग्न, मृत्यू, शिरगणती, घरपट्टी, गरिबांना मदत, जहाजावरच्या उतारूंची यादी, कुठलीही नोंद घ्या, त्यात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. त्यात ‘विणकर’ असं लिहिलेलं सापडलं की आपल्याला वाटतं, चला, हे घर विणकामावर चालत होतं. माझा सगळा प्रबंध या ‘चला’वरच अडलाय. रकान्यात एका माणसाचा एक धंदा लिहिलेला असतो. घर मात्र एका माणसाच्या एका धंद्यावर क्वचितच चालायचं.

हे समजावून सांगायला मी मुद्दाम एक प्रसिद्ध कुटुंब निवडलंय. विल्यम कार्नेगी हा फाइफ परगण्यातल्या डनफर्मलिन गावचा हातमाग विणकर, जन्म १८०४चा. त्याची बायको मार्गारेट मॉरिसन, जन्म १८१०चा. त्यांचा थोरला मुलगा अँड्र्यू पुढे अमेरिकेत पोलादाचा राजा झाला म्हणून आपल्याला हे घर माहीत. (‘मित्र जोडा’वाले डेल कार्नेगी वेगळे बरं का. त्यांच्या मूळ आडनावाचं स्पेलिंगही वेगळं होतं, ते त्यांनी नंतर बदलून घेतलं.) प्रसिद्ध कुटुंब घेण्याचा फायदा असा की एरवी कारागिरांच्या घराबद्दल फक्त सरकारी नोंदी उरतात, इथे मुलाचं आत्मचरित्रही आहे. ते १९२० साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने छापलं गेलं. त्यामुळे नोंदवहीचे नियम आणि घरातली हकीकत शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

स्कॉटलंडमध्ये माणूस शोधायला बसलात तर एक तारीख पक्की लक्षात ठेवा: १ जानेवारी १८५५. त्या दिवसापासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या पॅरिशच्या वह्यांवर अवलंबून. या वह्या कशा ठेवायच्या याचं कुणावर फारसं बंधन नव्हतं. एक पाद्री बाप, आई, गाव, धंदा, साक्षीदार सगळं लिहितो. शेजारच्या पॅरिशमधला फक्त ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढ्यावर भागवतो. १७८३ ते १७९४ या काळात तर प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे अनेकांनी नोंद करणंच टाळलं. शिवाय या वह्या अधिकृत चर्चच्या. विणकर आणि मोची यांच्यात त्या चर्चमधून फुटून निघालेल्या पंथांचा मोठा भरणा होता, आणि अशांची मुलं पॅरिशच्या वहीत असतीलच असं नाही. विल्यम कार्नेगीही धर्माच्या बाबतीत स्वतःच्या डोक्याने चालणारा. बाप्तिस्मा न झालेली तान्ही मुलं नरकात जातात असं प्रवचन ऐकून तो प्रेस्बिटेरियन चर्चमधून उठून गेला, असं मुलाने लिहिलंय.

लग्नाचंही तसंच. पॅरिशच्या वहीत सापडते ती बहुतेकदा लग्नाची नव्हे, लग्नाआधी चर्चमध्ये केलेल्या जाहीर घोषणेची नोंद. आणि दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ एवढं म्हटलं तरी स्कॉटिश कायद्यात लग्न लागायचं. ही सोय थेट १९४०पर्यंत होती. म्हणून लग्नाची नोंद मिळाली नाही तर ‘लग्न झालंच नव्हतं’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

मृत्यूच्या नोंदी त्याहून विरळ. पुष्कळ ठिकाणी हाती लागतो तो फक्त प्रेतावर घालायच्या कापडाच्या भाड्याचा हिशेब! हे कापड चर्चच्या मालकीचं असे, ते भाड्याने मिळे, आणि पैसे आले म्हणून वहीत नाव आलं. लहान मूल गेलं तर बहुधा तेही नाही. कार्नेगींना अ‍ॅन नावाची मुलगी झाली होती, १८४०ची. ती १८४१ साली गेली. दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या शिरगणत्यांच्या भरवशावर राहिलात तर अशी मुलं तुमच्या हाताला कधी लागतच नाहीत.

पण तिचं नाव बघा. स्कॉटिश घरांत नावं ठेवायची एक पद्धत होती. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. कायदा नव्हता, रीत होती, आणि पाळायचं न पाळायचं घरावर होतं. या घराने ती तंतोतंत पाळलेली दिसते. थोरला अँड्र्यू (१८३५), त्याच्या बापाचा बापही अँड्र्यू कार्नेगी, डनफर्मलिनजवळच्या पॅटीमुअर खेड्यातला मोठा गप्पिष्ट माणूस. धाकटा थॉमस (१८४३), आईचा बाप थॉमस मॉरिसन. मधली अ‍ॅन, आईची आई अ‍ॅन हॉज. तीन मुलांत तीन आजोबा-आज्या. कागद नसला तरी नावांवरून पुढे कुठे शोधायचं ते कळतं. मी याला पुरावा म्हणत नाही, दिशा दाखवणारी पाटी म्हणते.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. स्कॉटलंडच्या कागदपत्रांत लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नाही. मृत्युपत्रात, कोर्टाच्या कागदात, कित्येकदा थडग्याच्या दगडावरही ती ‘मार्गारेट मॉरिसन ऊर्फ कार्नेगी’ अशीच येते. १८५५नंतरच्या मृत्यूच्या नोंदीत तर मेलेल्या माणसाच्या आईचंही माहेरचं आडनाव लिहावं लागे. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्यूच्या दाखल्यात हे काहीच नव्हतं. आणि आपल्याकडे? लग्नानंतर आडनाव जातं, मधलं बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, कित्येक घरांत तांदळात सोन्याच्या अंगठीने नवं नावही लिहितात. तुमच्या पणजीचं माहेरचं पूर्ण नाव तुम्हाला सांगता येतं का, बघा एकदा. मी प्रयत्न केला, दोन पणज्यांपलीकडे गेले नाही.

या एका सवयीमुळे शोधण्याची रीतच बदलते. नुसतं ‘विल्यम, विणकर’ असं शोधाल तर विणकरांच्या गावात हाताला काहीच लागणार नाही. तीच तीच दहा-बारा नावं, तोच धंदा. पण जोडपं शोधा. ‘कार्नेगी’ आणि ‘मॉरिसन’ ही दोन आडनावं आईबापाच्या जागी एकत्र टाका, आणि गर्दी एकदम ओसरते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत असं शोधता येतं. सूची फुकट बघता येते, मूळ पानाच्या प्रतीला पैसे पडतात. (विद्यार्थ्यांनी आधी सूचीतच डोकं चालवावं, हा खिशातून आलेला सल्ला.)

गावाच्या कारागीर संघांतही हेच. डनफर्मलिनसारख्या सनदी गावांत प्रत्येक धंद्याचा संघ असे, आणि संघाबाहेरच्या माणसाला गावात तो धंदा करता येत नसे. ही मक्तेदारी १८४६च्या कायद्याने गेली. त्याआधी अशा गावांत नागरिकत्वाचा हक्क मिळवताना बाप नागरिक असेल तर फी कमी, आणि सासरा नागरिक असेल तरीही कमी. अशा नोंदीत ‘बायकोच्या हक्काने’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे लेकीबरोबर धंद्याचा दरवाजाही जावयाकडे जायचा. कारागिराची वंशावळ बापाकडून मुलाकडे सरळ रेषेत काढणाऱ्यांनी या शब्दांकडे बघावं.

हे संघाचे कागद वाचताना जुने स्कॉट्स शब्द अडवतात. वेबस्टर म्हणजे विणकर, कॉर्डिनर म्हणजे मोची, बॅक्स्टर म्हणजे पाववाला, फ्लेशर म्हणजे खाटीक, राइट म्हणजे सुतार. आणि ‘मर्चंट’ वाचून कुणी जहाजांचा मालक डोळ्यासमोर आणू नका, तो कोपऱ्यावरचा किराणावालाही असू शकतो.

तर आता घरात शिरू. डनफर्मलिनची ओळख डमास्कची, म्हणजे विणीतच नक्षी उमटवलेल्या तागाच्या टेबलक्लॉथची. (ताग म्हणजे इथे जवसाच्या धाग्याचं लिनन, आपल्या गोणपाटाचा ज्यूट नव्हे. तो डंडीत.) १८२५च्या सुमारास जॅकार्डचं यंत्र या गावात आलं आणि अवघड नक्षी सोपी झाली, पण माग हातापायानेच चालायचा. मोठे व्यापारी सूत आणि नक्षी देत, विणकर घरी विणून कापड परत करी. माग तळमजल्यावर, बिऱ्हाड वर. १८३५ साली अँड्र्यू जन्मला ते घर असंच, खाली माग आणि वर माळ्याची खोली. आज तिथे संग्रहालय आहे. लवकरच कुटुंब मोठ्या घरात गेलं आणि बापाकडे चार-पाच माग झाले, असं आत्मचरित्र सांगतं. म्हणजे विल्यम काही हातावर पोट असलेला मजूर नव्हता. स्वतःचे माग असलेला, दुसऱ्यांना काम देऊ शकणारा कारागीर होता.

पुढे काय झालं ते तुम्हाला सोलापूर-इचलकरंजीच्या लोकांना वेगळं सांगायला नको. वाफेवर चालणारे माग आले. सुती कापडात ते आधीच आले होते, डमास्कची नाजूक नक्षी जरा उशिरा शरण गेली. १८४०च्या दशकाच्या शेवटी ते डनफर्मलिनमध्येही पोचले, आणि १८५१ साली सेंट लेनर्ड्सचा मोठा कारखाना उभा राहिला. विल्यमचे माग एकेक करून थांबले. एक दिवस बाप घरी आला आणि आता आणखी काम मिळायचं नाही असं म्हणाला, ही आठवण मुलाने म्हातारपणीही जपून लिहिलीय.

इथे रकाना काय सांगेल? १८४१ची शिरगणती ६ जूनच्या रात्रीची. तिचे नियम ऐका. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायचं, म्हणजे छत्तीस-सदतीसचा विणकर पस्तीसचा होतो. घरात कोण कुणाचं काय लागतं ते लिहायचं नाही. जन्म याच परगण्यातला की नाही एवढंच लिहायचं. हातमाग विणकर इतके होते की त्यांच्यासाठी ‘एच. एल. डब्ल्यू.’ अशी तीन अक्षरं पुरेशी होती. भरभराटीतला चार मागांचा धनी असो की काम नसलेला, अक्षरं तीच. धंदा मेला तरी रकान्यातला शब्द मरत नाही. माणसाला विचारलं ‘काय करतोस?’ तर तो शिकलेलं कसबच सांगतो, आज हाताला काम आहे का ते नाही.

आणि त्या शिरगणतीच्या सूचनांत एक वाक्य होतं, ज्याच्यावर माझं अख्खं दुसरं प्रकरण उभं आहे. नवऱ्याबरोबर राहून त्याला मदत करणारी बायको, आईबापांना मदत करणारी मुलंमुली, जे उमेदवार म्हणून बांधलेले नाहीत आणि पगार घेत नाहीत, त्यांचा धंदा लिहायची गरज नाही, अशा अर्थाचं. हातमागाच्या घरात एक माग चालवायला बाण्याच्या कांड्या कोण भरणार? बायको आणि मुलं. कांड्या भरल्या नाहीत तर धोटा रिकामा. पण मोजणीदाराला ते लिहायचंच नव्हतं.

मार्गारेटचं तर याहून पुढे गेलेलं. ती मोच्याची मुलगी. तिच्या बापाची, थॉमस मॉरिसनची, गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. आधी चामड्याचा व्यापारी, नेपोलियनबरोबरची युद्धं संपल्यावरच्या मंदीत बुडाला, मग बूट बनवू लागला. सोबत जहाल राजकारण. विल्यम कॉबेटच्या पत्रात १८३३ साली त्याने शिक्षणावर निबंध लिहिला, पोरांना पुस्तकी शिक्षणाबरोबर हाताचं काम शिकवा असा त्याचा आग्रह होता, आणि आपण तरुणपणी बूट शिवायला शिकलो याबद्दल त्याने तिथे देवाचे आभार मानले होते. त्याचा मुलगा टॉम याने १८४२च्या संपाच्या दिवसांत बंदी असलेली सभा घेतली म्हणून त्याला अटक झाली. (शोधणाऱ्यांसाठी: घरातला कुणी कोर्टकचेरीत अडकला असेल तर आनंद माना. खटल्याआधी साक्षीदारांचे जबाब लिहून घेत, त्यात साध्या माणसांचं बोलणं जसंच्या तसं भेटतं.)

बापाच्या दुकानात मार्गारेट मुलगी असताना बूट-बांधणी शिकली होती. बुटाच्या वरच्या भागाचे चामड्याचे तुकडे एकमेकांना शिवायचे, कडा पट्टीने बांधून घ्यायच्या, हे बायकांनी घरी बसून करायचं काम. तेव्हा ते वरखर्चाला होतं. विल्यमचे माग थांबू लागले तेव्हा तिने मूडी स्ट्रीटवर छोटं दुकान टाकलं, आणि मुलाच्या म्हणण्याप्रमाणे त्या काळात त्या कमाईवर घर तगलं.

१८४८ साली त्यांनी अमेरिकेला जायचं ठरवलं. माग लिलावात काढले, पैसे फार आले नाहीत, प्रवासाला वीस पौंड कमी पडले. ते दिले मिसेस हेंडरसन नावाच्या बाईने, जी मार्गारेटची मैत्रीण. जामीन राहिले जॉर्ज लॉडर आणि टॉम मॉरिसन, एक मार्गारेटच्या बहिणीचा नवरा, हाय स्ट्रीटवरचा किराणा दुकानदार, दुसरा तिचा भाऊ. पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलेगेनीत आधीच पोचलेले नातेवाईक होते ते मार्गारेटच्या बहिणी. जरा मोजा: पैसा मैत्रिणीचा, जामीन बायकोकडच्यांचे, पलीकडचा आसरा बहिणींचा. विणकराच्या धंद्याने या प्रवासाला दिलं काय, तर लिलावातले चार पैसे. जोडीने शोधा म्हणते ते उगाच नाही. फक्त कार्नेगी आडनाव धरून बसलात तर हे घर अमेरिकेला पोचलं कसं हे तुम्हाला कळणारच नाही.

देश सोडून गेलेल्यांना शोधताना एक व्यवहारातली गोष्ट: ब्रिटनने बाहेर जाणाऱ्या उतारूंच्या याद्या जपायला १८९०मध्ये सुरुवात केली. त्याआधीचे लोक पलीकडच्या किनाऱ्यावर शोधायचे. अमेरिकेने उतरणाऱ्यांच्या याद्या १८२०पासूनच मागितल्या आहेत.

अ‍ॅलेगेनीत विल्यमने पुन्हा हातमाग धरला. टेबलक्लॉथ विणायचे आणि स्वतःच दारोदार विकायचे. चाललं नाही. मग सुताच्या गिरणीत गेला, तिथेच पोराला बॉबिन भरायचं काम मिळालं, आठवड्याला १ डॉलर २० सेंट. बाप गिरणीत टिकला नाही, परत मागाकडे आला. आणि मार्गारेट? शेजारी फिप्स नावाचा बूट बनवणारा राहत होता, त्याच्याकडून ती काम आणू लागली. घरकाम उरकून मध्यरात्रीपर्यंत बूट बांधायची, धाकटा टॉम गुडघ्याशी बसून सुया ओवून द्यायचा, दोऱ्याला मेण लावायचा. आठवड्याला चार डॉलर. पोराच्या तिपटीहून जास्त. याच फिप्सचा मुलगा हेन्री पुढे अँड्र्यूचा पोलादातला भागीदार झाला.

आता १८५०ची अमेरिकन जनगणना बघा. तिचा ठरलेला दिवस १ जून. या वेळी पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं गेलं, मोठी प्रगती. व्यवसायाचा रकानाही होता. कुणासाठी? पंधरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी. म्हणजे चार डॉलर मिळवणारी मार्गारेट त्यात बसत नाही, कारण बाई. आणि तोपर्यंत तार कचेरीत निरोप पोचवणारा पोऱ्या झालेला, आठवड्याला अडीच डॉलर आणणारा अँड्र्यूही बसत नाही, कारण वय चौदा. अटलांटिकच्या या तीरावरचा नियम वेगळा, त्या तीरावरचा वेगळा, आणि दोन्हींतून वगळली गेलेली माणसं तीच. ज्याच्या हाताला काम नाही त्याचा धंदा लिहायचा आणि ज्यांच्या हातांवर घर चाललंय त्यांच्यापुढे कोरी जागा, असा तो अर्ज. अमेरिकेने ही अट १८६०मध्ये बदलली आणि बायकांचाही धंदा विचारायला लागली.

वाचताना कुणाला वाटेल, ही मुलाने आईवरच्या प्रेमापोटी रंगवलेली गोष्ट असेल. शंका रास्त आहे. आत्मचरित्रात अँड्र्यू आईला देवी करतो आणि बापाला बिचारा. शिवाय हे पुस्तक म्हातारपणी, जगातल्या सगळ्यात श्रीमंतांपैकी एकाने लिहिलेलं. गरिबी सांगण्यात त्याचा फायदाही होता. म्हणून मी त्याच्या भावना बाजूला ठेवते आणि फक्त व्यवस्थेच्या गोष्टी घेते: काम कुठून यायचं, कोण शिकलं होतं, मजुरी किती. त्या बाबी त्या काळच्या बूट धंद्याशी जुळतात. शिवलेले वरचे भाग बायकांकडून घरी करून घेणं ही दोन्ही देशांतली रीत होती.

आणि मोजणाऱ्या साहेबांनाही हे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. ब्रिटनच्या १८५१च्या शिरगणतीच्या कोष्टकांत ‘मोच्याची बायको’ असा एक वेगळा गट चक्क छापलेला आहे. तसेच शेतकऱ्याची बायको, खाणावळवाल्याची बायको, खाटकाची बायको. या बायका नवऱ्याच्या धंद्यात राबतात हे गृहीत धरूनच ते गट केले होते. विणकराची बायको त्या मानाच्या यादीत नव्हती, हे मला कायम खुपतं. आणि मोच्याची मुलगी असून विणकराशी लग्न केलेल्या बाईला कुठल्या गटात टाकायचं याचं उत्तर तर कुठल्याच कोष्टकात नाही. पुढे १८८१च्या इंग्लंड-वेल्सच्या मोजणीत घर सांभाळणाऱ्या बायकांना सरसकट ‘व्यवसाय नसलेल्या’ वर्गात ढकललं गेलं. आपल्याकडे १९०१च्या जनगणनेत ‘प्रत्यक्ष कमावणारे’ आणि ‘अवलंबून असणारे’ अशी फोड झाली. कांड्या भरणारी विणकराची बायको त्यात कुठे जायची याचा अंदाज तुम्हीच करा.

विल्यम कार्नेगी अ‍ॅलेगेनीत ऑक्टोबर १८५५मध्ये वारला, एक्कावन्नाव्या वर्षी. हे साल वाचलं की आमच्यासारख्यांच्या तोंडून ‘अरेरे’ निघतं, आणि त्याचं कारण जरा विचित्र आहे. १८५५ या एकाच वर्षी स्कॉटलंडच्या सरकारी नोंदीचा अर्ज अवाढव्य होता. मृत्यूच्या नोंदीत जन्मगाव, आईबापांची नावं आणि बापाचा धंदा, नवरा किंवा बायको, झालेल्या सगळ्या मुलांची नावं आणि वयं, दफन कुठे झालं, एवढं सगळं भरायचं होतं. जन्माच्या नोंदीत आधी किती मुलं झाली, किती जगली, किती गेली, हेही. म्हणजे अ‍ॅनसारख्या मुलींचा निदान आकडा तरी. निबंधक इतके वैतागले की १८५६पासून अर्ज कापला गेला. विल्यम डनफर्मलिनमध्ये राहून त्या महिन्यात मेला असता तर त्याचं अख्खं घर एका ओळीत सापडलं असतं. तो मेला पेनसिल्व्हेनियात, जिथे राज्यभराची मृत्यूनोंदणी १९०६ साली सुरू झाली.

स्थलांतर न केलेल्या कारागिरांच्या घरांसाठी मात्र १८५५ ही खरोखर सोन्याची खाण आहे. तुमच्या यादीतला कुणीही त्या वर्षी जन्मला, मेला किंवा लग्न करता झाला का, ते आधी बघा. तो नसेल तर भाऊ-बहीण बघा, आईबाप तेच. त्याच वर्षापासून दरवर्षीची मूल्यांकन यादीही मिळते, ज्यात घरमालकाबरोबर भाडेकरूचंही नाव असतं. अडचण एवढीच की वर्षाला चार पौंडांहून कमी भाड्याच्या घरातल्यांची नावं लिहिण्याची सक्ती नव्हती, आणि आपल्या माणसांपैकी पुष्कळजण नेमके त्याच घरांत.

सगळेच विणकर अमेरिकेला गेले नाहीत. जे मागे राहिले आणि खचले ते १८४५च्या गरीब कायद्याच्या वह्यांत भेटतात. या कायद्यात धडधाकट बेकार पुरुषाला मदतीचा हक्क नव्हता. त्यामुळे वहीत येतात ते म्हातारे, आजारी, विधवा, टाकलेल्या बायका. पण येतात तेव्हा पूर्ण येतात: जन्म कुठला, आईबाप कोण, मुलं कुठे आहेत आणि काय मिळवतात, कुठल्या पॅरिशमध्ये किती वर्षं राहिले. कारण कुणाच्या खर्चाने पोसायचं यावरून पॅरिशांची आपसांत भांडणं होत, आणि सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय हक्क लागू होत नसे. ज्या बाईचा धंदा शिरगणतीने विचारला नाही, तिला इथे पै-पैचा हिशेब विचारला जातो. तिच्या कमाईची नोंद व्हायला तिला आधी भिकेला लागावं लागलं. माझं तिसरं प्रकरण या वह्यांवर आहे, त्याबद्दल पुढच्या लेखात सविस्तर लिहीन.

मार्गारेट तशी कधीच त्या वहीपर्यंत पोचली नाही. अँड्र्यू श्रीमंत झाला, जगभर फिरला. १८७८-७९च्या त्या जगप्रवासात तो आपल्या मुंबईलाही येऊन गेला. १८८१च्या जुलैत तो आईला घेऊन डनफर्मलिनला आला. त्याने दिलेल्या पहिल्या वाचनालयाची कोनशिला बसवायची होती, आणि ती बसवली सत्तरी ओलांडलेल्या मार्गारेटने. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनची शिरगणती झाली होती. घर सांभाळणाऱ्या बायकांना ‘व्यवसाय नसलेल्या’ ठरवणारी ती हीच.